सहा वाजायच्या आत

आमच्या ऑफिसातल्या मीटिंग रूमना किल्ल्यांची नावं होती. राजगड, तोरणा, लोहगड, तिकोना. अकरा वर्षांत तोरण्यात मी किती वेळा बसले असेन याची मोजदाद नाही. रिलीजच्या आदल्या रात्री तिथेच डबे उघडले, सातव्या महिन्यात पाय खुर्चीवर ठेवून तिथेच टेस्ट केसेस तपासल्या, क्लायंटची बोलणीही तिथेच खाल्ली. फेब्रुवारी 2024 मधल्या एका बुधवारी दुपारी साडेचारला त्याच तोरण्यात मला पंधरा मिनिटांसाठी बोलावलं. कॅलेंडरवर विषयाच्या जागी एकच शब्द होता, 'कनेक्ट'. खाली एक ओळ: लॅपटॉप सोबत आणा.

आत एचआरची एक मुलगी बसली होती. मॅनेजर स्क्रीनवर, कॅमेरा बंद. मी बसणार त्या खुर्चीसमोर पाण्याची सीलबंद बाटली आधीच ठेवलेली. आमच्याकडे पाणी ज्याचं त्याने आणायची पद्धत होती. ती बाटली पाहिली आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

बोलणं सात-आठ मिनिटांचंच झालं. कंपनीची दिशा बदलते आहे, तुमच्या रोलची गरज राहिलेली नाही, तुमच्या दृष्टीने चांगलं हेच की तुम्ही स्वतःहून राजीनामा द्या. आज सहाच्या आत पोर्टलवर टाका. नाही टाकलात तर आम्हाला टर्मिनेट करावं लागेल, मग रिलीव्हिंग लेटरवर तसं येईल आणि पुढच्या कंपनीच्या व्हेरिफिकेशनला तुम्हालाच त्रास होईल. ती मुलगी वाईट नव्हती. पाठ केलेलं म्हणत होती आणि मधूनमधून तिचा आवाज बसत होता. शेवटी मला बरं वाटावं म्हणून असेल, तिने विचारलं, "तुमचे मिस्टर पण आयटीतच आहेत ना?"

हा प्रश्न माझ्या बरोबरीच्या एकाही पुरुषाला त्या दिवशी कुणी विचारला नाही. मी नंतर एकेकाला विचारून खात्री केली.

मग तिने मला पोर्टल उघडायला सांगितलं. 'सेपरेशन' नावाचं पान. अकरा वर्षांत तिथे जायची वेळच आली नव्हती. शेवटच्या दिवसाची तारीख आधीच भरलेली होती, आजची. त्याखाली कारण निवडायची यादी: चांगली संधी, उच्च शिक्षण, कौटुंबिक कारण, आरोग्य, स्थलांतर, इतर. आणि सगळ्यात खाली एक छोटा चौकोन, त्यापुढे इंग्रजीत एक वाक्य. मराठीत सांगायचं तर, 'हा राजीनामा मी स्वेच्छेने, कोणत्याही दबावाशिवाय देत आहे.' त्या चौकोनात खूण केल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं.

मी यादी दोनदा वाचली. म्हणाले, "माझं कारण यात नाही."

"इतर घ्या."

"आणि इतरमध्ये काय लिहू?"

ती काही बोलली नाही. स्क्रीनवरचा मॅनेजरही नाही. मी लॅपटॉप मिटला आणि सांगितलं, "तुम्ही आत्ता जे बोललात ते मला मेलवर पाठवा. मी वाचून उद्या कळवते." माझे हात थरथरत होते, ते मी टेबलाखाली धरले होते. बाटली तशीच सीलबंद ठेवून मी बाहेर आले.

ते वाक्य माझं नव्हतं, बाबांचं होतं. त्यांच्याकडे येते. त्याआधी एका शब्दाबद्दल लिहायचं आहे, कारण त्या रात्री झोप लागली नाही आणि तो शब्द डोक्यात फिरत राहिला.

राजीनामा. राजी आणि नामा. फारसीतून आपल्याकडे आला आणि इतका मुरला की त्यातला 'राजी' आपल्याला ऐकूच येईनासा झाला. पेशवाईत भांडण पंचायतीपुढे गेलं की वादी-प्रतिवादी आधी राजीनामा लिहून देत, पंच देतील तो निवाडा आम्हाला मान्य आहे म्हणून. पुढे इंग्रजी अमलात जमिनीच्या कागदांत राजीनामा-कबुलायत अशी जोडी चालायची. एकाने जमीन आपखुशीने सोडली याचा राजीनामा, दुसऱ्याने ती घेतली याची कबुलायत. म्हणजे या शब्दाचा जीवच मुळी संमतीत आहे. राजी नसलेल्या माणसाकडून घेतलेल्या कागदाला हे नाव लागत नाही. पोर्टलवरचा तो चौकोन हेच सांगत होता. माझी नोकरी जाणार की नाही हे त्यांनी ठरवलेलं होतं. त्यांच्याकडे नव्हती ती फक्त माझी राजी, आणि ती मिळवायला त्यांनी स्वतःला दीड तास दिला होता.

ती इतकी का हवी असते, हे मला नंतर शिवाजीनगर कोर्टाजवळ बसणाऱ्या एका वकीलबाईंनी समजावलं. त्यांनी सुरुवातीला मलाच प्रश्न विचारले. "तुमच्या हाताखालच्या मुलांची रजा तुम्ही मंजूर करता?" नाही, मॅनेजर करतो. "त्यांचं अप्रेझल?" मी फक्त मत देते. "कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं?" छे. "मग दिवसभर करता काय?" टेस्टिंग. त्या म्हणाल्या, मग कार्डावर 'लीड' लिहिलंय म्हणून घाबरून जाऊ नका. कायद्याच्या लेखी तुम्ही कामगार आहात की नाही हे हुद्द्याच्या नावावर ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करता त्यावर ठरतं. अकरा वर्षं गळ्यात आयकार्डाचा लॅनियार्ड घालून हिंडणाऱ्या मला त्या दिवशी पहिल्यांदा कुणी कामगार म्हटलं. आणि खरं सांगते, मला आधार वाटला.

1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे, वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला काम उरलं नाही म्हणून कमी करायचं असेल तर एक महिन्याची कारणासह लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. भरलेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. सरकारला कळवावं लागतं. शेवटी आलेला आधी जातो, हाही नियम आहे, आणि तो मोडायचा तर कारण नोंदवावं लागतं. माझ्या अकरा वर्षांचे झाले 165 दिवस, म्हणजे साडेपाच महिन्यांचा पगार. आणि काढायचं कारण गैरवर्तन असेल तर आरोपपत्र द्या, चौकशी करा, माझं म्हणणं ऐका. हे सगळं कशाने टळतं? मी त्या चौकोनात खूण केली की टळतं. कारण आपखुशीने गेलेल्या माणसाला कामगार कपातीचे हे नियम लागू होत नाहीत. मध्येच सांगायला हवं, की 21 नोव्हेंबर 2025 पासून हा जुना कायदा जाऊन नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. त्यातही 15 दिवसांचं हे गणित ठेवलेलं आहे. आणि नव्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा असो वा कपात, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. फुल अँड फायनलसाठी, म्हणजे शेवटच्या हिशोबासाठी, दीड-दोन महिने ताटकळलेल्या कुणालाही याची किंमत विचारा.

आणखी एक. त्या दिवसांत आमच्यातल्या एकाला सांगण्यात आलं होतं की टर्मिनेट झालात तर ग्रॅच्युइटी बुडेल. हे खोटं आहे. पाच वर्षं सलग झाली की ग्रॅच्युइटी तुमची. ती अडवता येते ती कंपनीचं नुकसान, दंगामस्ती, नैतिक अधःपतनाचा गुन्हा अशा मोजक्याच कारणांनी, कंपनीची दिशा बदलली म्हणून नाही. तो माणूस चौदा वर्षं नोकरीत होता. या एका खोट्यापायी त्याने खूण केली.

आता बाबांबद्दल.

त्या संध्याकाळी मी घरी गेलेच नाही. ॲक्टिव्हा काढली, वाकडच्या पुलावर नेहमीसारखी अडकले, डांगे चौकातून चिंचवडगावात आले. बाबा मोरया गोसावी मंदिराच्या मागच्या बाजूला राहतात. आई गेल्यापासून एकटेच. त्यांनी दार उघडलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "सही केलीस?"

"नाही."

"बरं केलंस. बस."

बाबा 1975 साली साताऱ्याकडून पिंपरीला आले. भोसरीतल्या एका कारखान्यात टर्नर होते. फर्स्ट शिफ्टला पहाटे सायकल काढायचे. भोसरीची ती जमीन एमआयडीसीची आणि माझं हिंजवडीही एमआयडीसीचंच, हे मला त्याच संध्याकाळी लक्षात आलं. त्यांनी 2001 मध्ये व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली हे मला माहीत होतं. तेव्हा मी शाळेत होते. घरात पेढे आले नव्हते, रडारडही झाली नव्हती. बाबा एकदम घरी असायला लागले, एवढंच आठवत होतं. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांनी ती 'घेतली' होती.

त्या संध्याकाळी त्यांनी कपाटावरची प्लास्टिकची फाइल काढली. तेवीस वर्षांपूर्वीचा कागद, घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. वर मराठीत टाइप केलेलं: 'मी माझ्या स्वेच्छेने...' खाली बाबांची सही. त्यांची सही मी जन्मभर प्रगतिपुस्तकावर पाहिलेली. तिरकी, शेवटी लांब रेघ ओढलेली. या कागदावर ती रेघ नव्हती. नाव कसंबसं संपलेलं होतं.

"पाच महिने बसवलं होतं आम्हाला," बाबा म्हणाले. "कँटीनच्या मागं शेड होती. मशीन काढून घेतलं, काम नाही. सकाळी पंच करायचं, शेडमध्ये बसायचं, सुटीला पंच करायचं. पगार चालू होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण हातात काम नसलं की माणूस... रोज एकजण उठून ऑफिसात जायचा आणि सही करून यायचा. तो आला की आम्ही त्याच्याकडे बघायचो नाही. मग एक दिवस मी उठलो."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी थकून सही केली, पोरी. पण पाच महिने दिले. तू निदान एक रात्र तरी दे. घाईत मागितलेली सही कधी द्यायची नाही. कागद घरी आणायचा, वाचायचा, दुसऱ्याला दाखवायचा. युनियनच्या सेक्रेटरीनं शिकवलं होतं आम्हाला. म्हणायचं, लेखी द्या, वाचून सांगतो."

लहानपणी हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. विमा एजंटला, गॅसवाल्याला, शाळेच्या सहलीच्या फॉर्मला. मला वाटायचं बाबांचा स्वभावच चिकट.

त्याच रात्री मी मेल लिहिला. आज दुपारी साडेचारला तोरणा रूममध्ये मला सहाच्या आत राजीनामा द्यायला सांगण्यात आलं. कोण हजर होतं, काय कारण दिलं गेलं. माझी राजीनामा द्यायची इच्छा नाही. माझा रोल संपला असेल तर तसं लेखी कळवावं. मी उद्या नेहमीप्रमाणे कामावर येत आहे. प्रत माझ्या स्वतःच्या मेलवर टाकली. जुनी अप्रेझल लेटर, पगाराच्या स्लिपा, नेमणूकपत्र एवढंच उतरवून घेतलं. प्रोजेक्टच्या एकाही फाइलला हात लावला नाही. तो लावला असता तर त्यांना खरंखुरं कारण मिळालं असतं.

या मेलला उत्तर आलं नाही. फोन आले. नंतरही सगळं फोनवरच चाललं, लेखी एक ओळ नाही. म्हणून प्रत्येक फोन ठेवला की मी मेल लिहायचे: आत्ता आपलं असं बोलणं झालं, काही चुकीचं असेल तर कळवा. तीन आठवड्यांत असे नऊ मेल झाले. एकाही मेलवर 'हे चुकीचं आहे' असं उत्तर आलं नाही. वकीलबाईंना ही नऊ पानं फार आवडली. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे धाकाने घेतलेली संमती रद्द करून घेता येते, पण धाक होता हे दाखवायचं ओझं सही करणाऱ्यावर असतं. वर्षभराने आठवून सांगितलेल्या गोष्टीपेक्षा त्याच संध्याकाळच्या मेलला वजन जास्त, असं त्यांचं म्हणणं.

ते तीन आठवडे मात्र मी विसरू शकत नाही. सकाळी साडेनऊला कार्ड स्वाइप करायचे. दिवा हिरवा लागेपर्यंत छातीत धडधड. सकाळच्या स्टँडअपच्या, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगच्या, निमंत्रणातून माझं नाव गेलं होतं. टीमच्या ग्रुपमधून मला काढलं होतं. टेस्ट एन्व्हायर्नमेंटचा ॲक्सेस गेला, मग कामांची नोंद असते त्या जिराचा गेला. जागेवर बसायचे, समोर चालू लॅपटॉप आणि करायला काही नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत लोक येऊन हळूच खांद्यावर हात ठेवून गेले. मग कँटीनमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसेना. त्यांचा राग मला आला नाही. प्रत्येकाच्या डोक्यावर हप्ता आहे. मलाही होता, रावेतच्या फ्लॅटचा, अजून नऊ वर्षं. कर्जासोबत बँकेने नोकरी गेल्यास हप्ता भरणारा विमाही गळ्यात मारलेला, त्याची पॉलिसी काढून वाचली तेव्हा दिसलं की स्वतःहून राजीनामा दिला असेल तर तो एक रुपया देत नाही.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी कँटीनमध्ये एकटी डबा खात होते आणि मला बाबांची शेड दिसली. कधी न पाहिलेली. पत्रा, बाकडी, समोरचं रिकामं मैदान, आणि ऑफिसातून सही करून येणारा एकजण. त्याच्याकडे कुणी बघत नाही. माझ्या बापाने हे पाच महिने काढले, संध्याकाळी घरी येऊन माझी गणितं तपासली आणि आम्हाला कधी कळू दिलं नाही. त्या दिवशी डबा तसाच बंद केला.

पण बाबांच्या शेडमध्ये साठ-सत्तर माणसं होती. दारात गेट मीटिंग व्हायची, सेक्रेटरी यायचा, भांडण व्हायचं. आम्ही अकरा जण एकाच दुपारी वेगवेगळ्या किल्ल्यांमध्ये एकेकटे बोलावले गेलो, आणि कुणाला कुणाचा पत्ता नव्हता. माझ्या मते या पद्धतीतलं सगळ्यात क्रूर अंग हेच आहे. 2017 च्या जुलैमध्ये एका मोठ्या आयटी कंपनीतलं असंच संभाषण सगळ्या देशाने ऐकलं होतं. उद्या सकाळी दहापर्यंत राजीनामा द्या, असं एचआर त्या मुलाला सांगत होती. नंतर त्या उद्योगसमूहाच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. ती क्लिप तेव्हा आमच्या ग्रुपवर फिरली, आम्ही हळहळलो आणि कामाला लागलो. पुण्यातच आयटीवाल्यांसाठी काम करणारी 'नाइट्स' नावाची संघटना आहे, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार देता येते, तिथला अधिकारी दोन्ही बाजूंना समोर बसवतो, तेव्हाच्या कायद्याप्रमाणे 45 दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट कामगार न्यायालयात जाता यायचं, अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याखाली 90 दिवसांत तक्रार करता यायची: यातलं एक अक्षर मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं. बाबांना यातलं बरंचसं तोंडपाठ होतं. कामगारनगरीत वाढलेली मी, आणि इंजिनिअर झाल्यावर हे सगळं आपलं नाही असं धरून चालले होते.

अर्ज तयार झाला होता. तो द्यायची वेळ आली नाही. चौथ्या आठवड्यात वरच्या पातळीवरून फोन आला, मग पहिल्यांदाच मेल आला, मग करार झाला. रक्कम लिहिता येत नाही, करारात तसं कलम आहे. पण पत्रावर काय लिहिलंय ते मी मागून घेतलं: रोल बंद झाल्याने सेवा संपुष्टात. 'स्वेच्छेने' हा शब्द त्या कागदात कुठेही नाही. बाबांनी चष्मा लावून तो तीनदा शोधला, मग कागद आपल्या फाइलमध्ये त्यांच्या कागदाच्या मागे ठेवला. कोर्टात गेले असते तर जास्त मिळालं असतं का? वकीलबाई म्हणाल्या, मिळालं असतं, कधी ते विचारू नका. मुलगी शाळेत, हप्ता चालू. मी घेतलं.

त्यामुळे त्या दिवशी ज्यांनी सहाच्या आत खूण केली त्यांना मी नावं ठेवणार नाही. अकरापैकी आठ जणांनी केली. एकीच्या घरी आजारपण होतं, एकाचा व्हिसाचा अर्ज मध्यावर होता. कुणाला खरोखरच दुसरीकडे ऑफर होती आणि त्याच्यासाठी साधा राजीनामाच बरा होता. सगळं समजून, रात्रभर विचार करून, दोन पैसे जास्त मागून माणूस राजी झाला तर तो त्याचा निर्णय. पण एक मुलगा असा आहे की ज्याच्याबद्दल मला अजून रात्री जाग येते.

आमच्याच टीममधला, लातूरचा, सव्वीस वर्षांचा. मारुंजीत तिघांबरोबर फ्लॅट करून राहायचा. मला ताई म्हणायचा. त्याला लोहगडात बोलावलं होतं, माझ्यानंतर लगेच. मी तोरण्यातून बाहेर पडले तेव्हा तो लॅपटॉप छातीशी धरून दाराशी उभा होता. मला पाहून हसला. मी काही बोलले नाही. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. मी बॅग उचलली आणि निघाले. त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. वाकडच्या पुलावर मी वीस मिनिटं उभी होते, फोन खिशात होता. "आज काही करू नकोस, लेखी माग" एवढं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

त्याने पाच बावन्नला खूण केली. सहा वाजून चार मिनिटांनी 'तुमचा राजीनामा स्वीकारण्यात आला आहे' असा मेल आला. सातला लॅपटॉप जमा.

राजीनामा पुढच्या तारखेचा असेल तर ती तारीख येईपर्यंत तो मागे घेता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच सांगून ठेवलं आहे. म्हणूनच त्या पोर्टलवर आजची तारीख आधीच भरलेली होती. मागे घ्यायला त्याच्याकडे बारा मिनिटं होती, आणि त्या बारा मिनिटांत तो बाथरूममध्ये तोंड धूत होता, असं त्याने मला नंतर सांगितलं.

कारणांच्या यादीत त्याने 'उच्च शिक्षण' निवडलं होतं. त्यातल्या त्यात ते बरं दिसेल असं त्याला वाटलं. घरी सांगितलं नाही. आई-वडिलांना वाटत होतं नोकरी चालू आहे, तो सकाळी उठून लायब्ररीत जाऊन बसायचा. मे महिन्यात त्याचा फोन आला. एका कंपनीत तिसऱ्या फेरीपर्यंत पोचला होता. तिथे कुणीतरी आधीच्या कंपनीत विचारणा केली असावी. समोरच्या माणसाने विचारलं, "मग एम.टेक. कुठे करताय?" याला उत्तर देता आलं नाही. गप्प राहिला. ती नोकरी गेली.

"मी काहीच खोटं बोललो नव्हतो ताई," तो म्हणाला. "त्यांनीच यादी दिली होती."

मी त्याला वकीलबाईंकडे घेऊन गेले. तक्रार करता येईल, त्या म्हणाल्या. तो नको म्हणाला, घरी कळेल म्हणून. मी आग्रह केला नाही. बऱ्याच दिवसांनी त्याने वडिलांना सांगितलं, ते रात्रीच्या एसटीने पुण्याला आले, दोन दिवस त्याच्याजवळ राहिले आणि गेले. त्यानंतर त्याचा आवाज बदलला.

ऑगस्टमध्ये त्याला बाणेरच्या एका छोट्या कंपनीत घेतलं. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी त्याने एका फॉर्मचा फोटो पाठवला. तिथे यादी नव्हती, रिकामी ओळ होती. आधीची नोकरी सोडण्याचं कारण.

"ताई, काय लिहू? त्यांच्याकडे तर उच्च शिक्षण म्हणून नोंद आहे."

मी म्हणाले, उद्या गेल्यावर तिथल्या एचआरशी आधी बोल. जुनी कंपनी काय सांगेल ते तूच त्यांना सांगून टाक, आणि फॉर्मवर जे झालं ते लिही.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत फोटो आला. निळ्या शाईत, इंग्रजीत, शाळकरी सुवाच्य अक्षर. 'माझा रोल बंद झाला म्हणून कंपनीने मला जायला सांगितलं.' खाली त्याची सही होती आणि फॉर्मच्या कोपऱ्यात नव्या कंपनीचा शिक्का.